यंत्राची रोजकीर्द

(वाशी येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते ते गृहस्थ व्यवसायाने हिशेबतपासनीस होते आणि संगणकाशी त्यांचा संबंध आयुष्याच्या अखेरीस, तोही बेताचाच आला. असे असता लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांच्या नित्याच्या अडचणी आणि त्यांचा तपास हा विषय मी त्यांच्या स्मृतीला वाहिलेल्या व्यासपीठावर का घेतला, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. तिचे उत्तर एवढेच की, या व्यवसायात जवळजवळ तीस वर्षे घालविल्यावर मला जे थोडेबहुत निश्चितपणे कळले आहे, त्यातला पहिला धडा मला त्यांच्याकडून मिळाला. कॉलेजच्या सुटीत मी त्यांच्या कचेरीत उमेदवारी करीत असताना खतावणीतला एक चुकीचा आकडा मी ब्लेडने खरवडून काढला आणि त्या जागी बरोबर आकडा सुवाच्य अक्षरात लिहिला. त्यांनी ते पान उजेडापुढे धरले, मला समोर बसविले आणि शांतपणे विचारले, "तो आकडा चुकीचा का पडला होता, हे आता कोणाला विचारायचं?" चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारावी, ती अशी की खालचा आकडा वाचता यावा, बाजूला बरोबर आकडा लिहावा आणि त्यापुढे आपली सही करावी, हा हिशेबनिसांचा जुना दंडक त्यांनी मला त्या दिवशी समजावून दिला. पुढे माझ्या हाती खतावण्यांऐवजी सर्व्हर आले. परंतु तो दंडक बदलण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही.

आपली ही नगरी आणि माझा विषय यांच्यात कालगणनेचा एक संबंध आहे, तो आरंभीच सांगतो. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, आणि जिच्या वळणावर लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला, ती प्रणाली काळ मोजते तो १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या वेळेने, सेकंदासेकंदाने. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको स्थापन झाली ती त्याच वर्षी, १७ मार्च रोजी. आणि मागाहून हिशेब केला तर तो दिवस सुरू होतानाच्या, आपल्याकडील मध्यरात्री हा सेकंदांचा आकडा ६४ लाख ६० हजार २०० भरतो. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५ साली खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्यासमोर बंदर, बाजारपेठ, सरकारी कचेऱ्या आणि राहती घरे होती. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ज्या पट्ट्यात रासायनिक कारखान्यांच्या चिमण्या होत्या, तेथे ऐरोली, रबाळे, महापे या भागात पुढे देशातील मोठमोठी डेटा सेंटर उभी राहतील, हे तेव्हा कोणी म्हटले असते तर ते शब्द कोणाला कळलेही नसते. आज त्या इमारतींत अहोरात्र वातानुकूलित दालनांतून हजारो यंत्रे ओळीने उभी आहेत, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येच्या यंत्रांवर लिनक्स चालते. आपण बँकेचे पासबुक पाहतो, रेल्वेचे तिकीट काढतो, मुलाचा निकाल पाहतो, तेव्हा अशाच कुठल्यातरी दालनातील यंत्राशी आपला व्यवहार होत असतो. ही यंत्रे बिघडतात. त्यांचे बिघाड बहुधा क्षुल्लक असतात, रोजचेच असतात, आणि तरीही त्यापायी माणसांच्या रात्रीच्या रात्री वाया जातात. त्या रात्री वाया का जातात, याविषयी मला बोलावयाचे आहे.

पुण्याचे पेशवे दप्तर आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले. त्या दप्तरात कागद बांधून ठेवलेले रुमाल आहेत, आणि त्यांत रोजकीर्दी आहेत. अमुक तारखेस अमुक रक्कम जमा, अमुक रक्कम खर्च, कोणाच्या हुकुमाने, कोणाच्या हस्ते, हे त्या त्या दिवशीच लिहिलेले. नंतर आठवून लिहिलेले नव्हे. इतिहाससंशोधक बखरीपेक्षा रोजकीर्दीला अधिक मान देतात तो याच कारणासाठी. बखर सांगणाऱ्याला काही सिद्ध करावयाचे असते, रोजकीर्दीच्या कारकुनाला नसते. लिनक्स यंत्राच्या पोटात अशीच एक रोजकीर्द अखंड लिहिली जात असते. आमच्या बोलीत तिला लॉग म्हणतात. एरिक ऑलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८० च्या दशकात आपल्या टपाल-प्रोग्रामसाठी नोंदींची जी पद्धत बसविली, ती पुढे सर्व युनिक्स कुळात रूढ झाली. तिच्या प्रत्येक ओळीत तारीख व वेळ, यंत्राचे नाव, बोलणाऱ्या प्रोग्रामचे नाव, बहुधा त्याचा चालू क्रमांक, आणि मग मजकूर अशी मांडणी असते. मजकूर बहुधा पाच-सात शब्दांचा. यंत्राची फिर्याद, जबाब आणि साक्ष, जे काही म्हणावयाचे ते सर्व त्या पाच-सात शब्दांत असते. आणि माझ्या अनुभवात दहांपैकी सात-आठ वेळा दोष कोठे आहे हे त्यातच स्वच्छ लिहिलेले असते. फक्त ते कोणी वाचलेले नसते.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगतो.

१२ ऑक्टोबर २०२० हा दिवस आपल्या स्मरणात असेल. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई यांचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला आणि लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. साथीचे दिवस होते. लोकलने फक्त अत्यावश्यक सेवेतील लोक जात-येत होते, आणि माझ्यासारखे वयस्क नेरूळला घरात बसून काम पाहत होते. मोठ्या डेटा सेंटरांत जनरेटर असतात, तेथे दिवाही मिणमिणला नसेल. परंतु महाप्याच्या ज्या लहानशा कंपनीचे काम मी पाहत असे, तिच्या यंत्रखोलीतील बॅटऱ्या तासाभरात उतरल्या आणि चारशेहून अधिक दिवस एकदाही बंद न झालेला सर्व्हर बंद पडला. दुपारी वीज आली, यंत्र सुरू केले, आणि ते उठेना. घणसोलीहून चालत आलेली एक तरुण मुलगी तेवढी जागेवर होती. तिचा फोन आला.

"सर, काहीच येत नाहीये."

"काहीच म्हणजे स्क्रीन काळी आहे?"

"नाही, काहीतरी इंग्लिशमध्ये आलंय. परत रिस्टार्ट करू का? दोनदा केलं आधीच."

"अगं थांब. हात बाजूला ठेव. जे आलंय त्याची शेवटून पाचवी ओळ घे आणि मला अक्षर न अक्षर वाचून दाखव."

ती वाचू लागली. तिचा आवाज आरंभी घाईचा होता. पहिल्या ओळीत यंत्र कोणत्यातरी डिस्कची वाट पाहत असल्याचे आणि ती वाट दीड मिनिटापर्यंत पाहिली जाईल असे लिहिले होते; दुसऱ्या ओळीत ती मुदत संपल्याचे; तिसरीत 'डिपेंडन्सी फेल्ड फॉर' असे म्हणून पुढे एका फोल्डरचे नाव, ज्यात 'बॅकअप' हा शब्द होता; आणि शेवटी यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये असून रूटचा, म्हणजे यंत्राच्या मुखत्याराचा, पासवर्ड द्यावा, अशी सूचना. मी तिला म्हटले, "आता हेच मला मराठीत सांग." क्षणभर ती थांबली, आणि मग तिने जे सांगितले ते मला आजही शब्दशः आठवते: "सर, हे म्हणतंय की मला एक डिस्क लावायला सांगितली आहे, ती मिळत नाही, म्हणून मी पुढे जात नाही." आणि दुसऱ्याच क्षणी, मी काही विचारण्यापूर्वी, ती स्वतःच म्हणाली, "अहो सर, ती बॅकअपची डिस्क आपण फेब्रुवारीत काढून नेली ना!"

येथे तपास संपला होता. उरले होते ते हातकाम. सुरू होताना कोणकोणत्या डिस्का कोठे जोडावयाच्या याची एक यादी लिनक्स यंत्राजवळ असते. एफएसटॅब हे तिचे नाव. डिस्क काढून नेणाऱ्याने केबल काढली, डिस्क काढली, आणि यादीतली ओळ तशीच ठेवली. चालू यंत्राला त्याची बाधा झाली नाही, कारण ती यादी यंत्र वाचते ते मुख्यतः उठताना. आणि डिस्क काढल्यानंतरचे आठ महिने हे यंत्र निजलेच नव्हते. जे यंत्र चारशे दिवस बंद पडले नाही त्याचा आम्हांस अभिमान होता. परंतु उठण्याची परीक्षा चारशे दिवस न दिलेल्या यंत्राच्या पोटात किती विसरलेले हुकूम साचले असतील, याचा विचार आम्ही केला नव्हता, आणि हा दोष माझा होता. त्या दिवसापासून ठरावीक मुदतीने, भर दिवसा आणि सर्वजण हजर असताना, मी यंत्रे मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करवू लागलो. ज्या डिस्कवाचून यंत्राचे अडत नाही, तिच्या ओळीत 'नोफेल' हा एक शब्द घातला म्हणजे ती नसली तरी यंत्र पुढे जाते; ती ओळ लिहितानाच तो घालावा, हेही त्या दिवशी शिकलो.

वाचन आणि भाषांतर, एवढेच त्या मुलीने केले, आणि हे तिला आधीच करता आले असते. तिचे इंग्रजी उत्तम होते. ती पदवीधर होती, परीक्षा इंग्रजीतून दिलेली होती. तरीही स्क्रीनवरचा मजकूर तिच्या लेखी वाचण्याची गोष्ट नव्हती. काहीतरी बिघडल्याची ती एक खूण होती, धूर दिसावा तशी. मी अनेक तरुणांत हे पाहिले आहे. ओळ लांबून पाहावयाची, तिच्यातला एखादा शब्द उचलावयाचा, कोणीतरी कोठेतरी सांगितलेला उपाय जसाच्या तसा उतरवावयाचा, तो लागू पडला नाही तर दुसरा, आणि सरतेशेवटी रिस्टार्ट. रिस्टार्ट हा शब्द मला या व्यवसायातील सर्वांत महागडा शब्द वाटतो. त्याने यंत्र पुष्कळदा चालू होते, हे खरे; पण चालू असलेल्या प्रोग्रामांची त्या क्षणीची स्थिती, कोणी कोणती फाइल धरून ठेवली होती, कोणाची वाट पाहत होता, हे सारे त्यात पुसले जाते. ब्लेडने आकडा खरवडावा तसे. दोष पुन्हा आठ दिवसांनी येतो, आणि विचारावयाचे कोणाला?

डिस्क भरण्याच्या तक्रारीत हे फार स्पष्टपणे दिसते. नित्याच्या अडचणींत हिच्याइतकी नित्याची दुसरी नाही. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', म्हणजे जागा उरली नाही. मग कोणीतरी सर्वांत मोठी लॉग फाइल शोधतो आणि उडवतो. त्यात पुराव्याचा नाश झाला, हे एक. आणि आश्चर्य असे की जागा मोकळी होत नाही. डीएफ ही आज्ञा विचारली तर डिस्क शंभर टक्के भरलेली, डीयू विचारली तर फाइलींची बेरीज निम्मीही नाही. दोन कारकुनांनी एकाच तिजोरीचे दोन हिशेब द्यावेत, आणि दोघेही खरे बोलत असावेत, असा हा प्रकार आहे. याचा उलगडा असा: या प्रणालीत फाइलीचे नाव वेगळे आणि फाइलीचा देह वेगळा. आपण फाइल उडवितो तेव्हा नाव काढून टाकले जाते. परंतु एखाद्या प्रोग्रामने ती फाइल उघडून धरलेली असली तर, तो ती सोडीपर्यंत, देह जागेवरच राहतो. डीयू नावे धरून बेरीज करते, डीएफ प्रत्यक्ष व्यापलेली जागा सांगते. सातबाऱ्यावरचे नाव आणि जमिनीवरची वहिवाट यांतला फरक, पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर वसलेल्या या नगरीतल्या श्रोत्यांना मी निराळा समजावून द्यावा असे नाही. ज्यांची घरेदारे त्या फरकापायी वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या चढली त्यांना तो माझ्यापेक्षा अधिक कळतो. येथे उपाय एवढाच की एलएसओएफ या आज्ञेने नाव गेलेली परंतु कोणीतरी धरून ठेवलेली फाइल शोधावी, आणि धरणाऱ्या प्रोग्रामला ती सोडून नवी उघडावयास सांगावे. अशा वेळी रिस्टार्ट केले तरी जागा मोकळी होते, म्हणूनच पुष्कळांना कारण कधीच कळत नाही, आणि लॉग फाइलींची वेळच्या वेळी घडी घालून ठेवण्याची जी व्यवस्था यंत्रात आयतीच असते, ती नीट बसवावी हे सुचत नाही.

याच जातीचा, पण अधिक चकविणारा, एक दोष आहे. जागा मुबलक आहे, डीएफ तसे सांगते, आणि तरीही यंत्र म्हणते की जागा नाही. तेव्हा दप्तरखान्यात रुमाल ठेवावयास फडताळे रिकामी आहेत, पण नोंदवहीत ओळ उरलेली नाही, असे समजावे. प्रत्येक फाइलीमागे आयनोड नावाची एक नोंद लागते, आणि पुष्कळ ठिकाणी या नोंदींची संख्या डिस्क तयार करतानाच ठरून जाते. एखादा प्रोग्राम दर मिनिटाला एक क्षुद्र फाइल टाकीत राहिला तर वर्ष-दोन वर्षांत लाखो फाइली साचतात, जागा फारशी न व्यापता नोंदवही भरते. त्याच डीएफला आयनोडचा हिशेब विचारला की ती तोही देते. विचारावे लागते, एवढेच.

जागेच्या प्रकरणात आणखी एक व्यवस्था मला मोठी सुजाणपणाची वाटते, म्हणून तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. लिनक्सच्या एक्स्ट-फोर या प्रचलित रचनेत डिस्कचा सुमारे पाच टक्के भाग आरंभीच राखून ठेवलेला असतो. सामान्य प्रोग्रामांना डिस्क भरली असे सांगितले जाते तेव्हाही तो भाग शिल्लक असतो, आणि रूट त्याचा उपयोग करू शकतो. घर भरून वाहू लागले तरी कारभाऱ्याला आत शिरून आवराआवर करण्याइतकी वाट राहावी, हा त्यामागचा विचार. गावच्या पेवात बियाण्याचा वाटा वेगळा ठेवीत, त्याची मला यावरून आठवण होते.

परवानग्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यातला अपराध एकाच प्रकारचा असतो. एखादा प्रोग्राम 'परमिशन डिनाइड' म्हणाला की तिन्ही वर्गांना, म्हणजे मालकाला, गटाला आणि बाकीच्या सर्वांना, वाचण्याची, लिहिण्याची आणि चालविण्याची मुभा एकाच हुकुमाने देऊन टाकावयाची. तो हुकूम सातशे सत्त्याहत्तर या आकड्याने दिला जातो आणि नवशिके तो मंत्रासारखा पाठ करतात. वास्तविक अडथळा पुष्कळदा फाइलीला नसतोच. तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एखाद्या फोल्डरातून पार होण्याची मुभा नसते, आणि वाटेतले एकेक दार तपासले की ते सापडते. परंतु सर्वच दारे उघडली तर काय होते? एका कचेरीत एका मुलाने घाईघाईने संपूर्ण यंत्राला हा हुकूम लावला. दूरवरून यंत्रात प्रवेश देणाऱ्या एसएसएचने, किल्ली असलेल्या फाइली सर्वांना उघड्या आहेत हे पाहून, ती किल्ली मानण्याचे नाकारले. आणि सुडो, ज्याच्या द्वारे रूटचे अधिकार मिळतात, त्यानेही काम नाकारले, कारण त्याच्या अंगावरची विशेष अधिकाराची खूण त्या हुकुमाने पुसली गेली होती. सर्वांना सर्व अधिकार दिल्यामुळे अधिकाऱ्याचा अधिकार गेला. ते यंत्र शेवटी नव्याने उभे करावे लागले.

आता वेळेविषयी. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात जुन्नरकडचे एक आडते माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्या गाळ्यावर एक जुने यंत्र होते आणि त्यावर लिनक्स चालत असे. शेतकऱ्यांच्या मालाची विक्री झाली की वजन, भाव, हमाली, तोलाई आणि आडत यांचा हिशेब करून ज्याच्या त्याच्या नावे पट्टी काढावयाची, हे त्याचे काम. क्रॉन नावाचा एक वक्तशीर कारकून लिनक्समध्ये असतो, तो ठरलेल्या वेळी ठरलेले काम करतो. त्याच्याकडे रात्री एक वाजताचे काम सोपविले होते, म्हणजे पहाटे गाड्या परतायच्या आत पट्ट्या छापून ड्रायव्हरच्या हाती देता याव्यात. एकदा यंत्र नव्याने बसविल्यानंतर पट्ट्या सकाळी साडेसहाला निघू लागल्या. तोवर गाड्या निघून गेलेल्या. शेतकरी फोन करून विचारीत, पट्टी कुठे आहे? कोणीतरी शेठना सांगितले की यंत्र म्हातारे झाले, त्याला हिशेबाला पाच-साडेपाच तास लागतात, नवे घ्या. नव्याची किंमतही विचारून झाली होती.

मी गाळ्यावर गेलो तेव्हा कोपऱ्यात गोणपाटावर यंत्र ठेवलेले होते आणि त्याच्या पंख्यात कांद्याची पापुद्र्यासारखी साले अडकली होती. मी क्रॉनची रोजकीर्द उघडून पाहिली. "शेठ," मी म्हटले, "हे काम एक वाजता सुरू होतं आणि एक वाजून दोन मिनिटांनी संपतं, असं इथे लिहिलंय." ते म्हणाले, "साहेब, मी स्वतः साडेसहापर्यंत बसून राहतो. लिहिलंय ते खोटं आहे." दोन्ही खरे होते. नवी बसवणी करताना यंत्राला भारतीय वेळ सांगावयाची राहिली होती, आणि ते ग्रीनिचच्या वेळेने एक वाजण्याची वाट पाहत होते; तेव्हा आपल्याकडे साडेसहा वाजतात. साडेपाच तासांचा फरक जेथे नेमका, मिनिटाचाही कमी-जास्त न होता दिसेल, तेथे यंत्राच्या म्हातारपणाचा संशय घेऊ नये. पंखा साफ केला, वेळ सांगितली, क्रॉनला ती कळावी म्हणून त्याला पुन्हा सुरू केले. त्या रात्री एक वाजून दोन मिनिटांनी पट्ट्या छापल्या गेल्या. नवे यंत्र त्यांनी पुढची पुष्कळ वर्षे घेतले नाही.

घड्याळाचे याहूनही विलक्षण एक प्रकरण १ जुलै २०१२ या रविवारी घडले. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राहावा म्हणून जगाच्या घड्याळात त्या दिवशी एक सेकंद वाढविण्यात आला, आपल्याकडील पहाटे साडेपाचच्या ठोक्याअगोदर. आणि जगभरच्या अनेक लिनक्स यंत्रांतील प्रोसेसर काहीही काम नसताना पूर्ण वेगाने धावू लागले. गाभ्यातील वेळ मोजणाऱ्या भागाला हा वाढीव सेकंद नीट कळविला जात नव्हता. तात्पुरता उपाय काय निघाला? यंत्राला, जी वेळ आहे तीच वेळ, पुन्हा एकदा सांगावयाची. दोष समजल्यावाचून हा उपाय कोणाला सुचणे अशक्य होते.

भाषेचा प्रश्न मी मघाशी अर्धवट सोडला, त्याकडे येतो. खारघरला आज जी सीडॅक ही संस्था आहे, तिच्यात पुढे विलीन झालेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था, जिला सर्वजण एनसीएसटी म्हणत, तिने लिनक्सच्या चित्रपटलावर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून 'इंडिक्स' नावाचा प्रकल्प हाती घेतला होता. तेथेच कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी देवनागरीचे संगणकीय अक्षररूप घडविले. ते 'रघू' या नावाने सर्वांना मोफत मिळाले. जोडाक्षरे फुटू नयेत, वेलांटी योग्य जागी बसावी, यासाठी त्या पिढीने किती परिश्रम केले हे आज मोबाइलवर सहज मराठी लिहिणाऱ्यांना ठाऊक नसते. मला त्यांच्याविषयी कृतज्ञता आहे आणि तिच्यापोटीच एक खंत आहे. अक्षरे आली, मेनूंची भाषांतरे झाली, परंतु बिघाडाचे बोलणे आपण अजून मराठीत केलेले नाही. मी असे म्हणत नाही की यंत्राने लॉग मराठीत लिहावा. जगभरच्या कारागिरांना एकच ओळ वाचता यावी, यात सोय आहे. माझे म्हणणे एवढेच की ती ओळ वाचणाऱ्याने ती मनात मराठीत आणावी. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' या दोन ओळी आमची मुले एकाच अर्थाने घेतात: नेट चालत नाही. पहिलीचा अर्थ, दारापर्यंत पोचलो, आतून नकार आला. म्हणजे यंत्र बहुधा जिवंत आहे, त्यावरचा प्रोग्राम बंद आहे. दुसरीचा अर्थ, हाक मारली, उत्तरच आले नाही. म्हणजे वाट बंद आहे, किंवा मधल्या चौकीवर कोणीतरी निरोप अडविला आहे. या दोन ओळींत तपासाच्या दिशा पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे जातात. मराठीत एकदा बोलून पाहिले की हे आठवीतल्या मुलालाही कळते. मी ऐरोलीच्या एका शाळेत ते बोलून पाहिले आहे.

म्हणून माझ्या हाताखाली येणाऱ्यांसाठी मी एक रीत घातली. यंत्रखोलीत एक रेघांची वही असते. बिघाड झाला की कोणत्याही कळीला हात लावण्याअगोदर तीत तारीख, वेळ, यंत्राने उच्चारलेली ओळ जशीच्या तशी, आणि तिच्याखाली तिचा मराठी अर्थ लिहावयाचा. मग काय पाहिले, काय सापडले, काय बदलले. आरंभी हे सर्वांना जाचक वाटले. रात्री दोन वाजता, गिऱ्हाइकांचे फोन वाजत असताना, वही कोण लिहिणार? परंतु ओळ उतरून घेण्यास अर्धे मिनिट लागते, आणि ती उतरविताना ती वाचावीच लागते. कित्येकदा लेखणी थांबते आणि माणूस उठून थेट योग्य ठिकाणी जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

महाप्याच्या त्या वहीचे पहिले पान मी आज बरोबर आणले आहे. ते त्या मुलीच्या हातचे आहे, अक्षर थोडे घाईचे, आणि ते वाचून मी आपली रजा घेतो.

"१२ ऑक्टोबर २०२०. दुपारी २ वाजून १० मि. वीज गेल्याने सर्व्हर बंद, नंतर उठत नाही. ओळ: डिपेंडन्सी फेल्ड, पुढे बॅकअप फोल्डरचे नाव. अर्थ: लावायला सांगितलेली डिस्क मिळत नाही. कारण: डिस्क फेब्रुवारीत काढली, एफएसटॅबमधली ओळ राहिली. केले: ती ओळ काढून टाकली नाही, तिच्या आधी हॅशची खूण केली, बाजूला आजची तारीख आणि माझे नाव. २ वाजून ३१ मि. सर्व्हर सुरू."